जामीन राहिलेल्या माणसाला मोकळे करा

(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभर शेतात राबून, जेवणखाण उरकून तुम्ही इथे जमला आहात. तुमचा फार वेळ घेणार नाही. आज एकच गोष्ट बोलायची आहे. ती पैशाची आहे, आणि मैत्रीचीही आहे.

कर्ज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन माणसे येतात. एक घेणारा आणि एक देणारा. पण कागदावर पुष्कळदा आणखी एक सही असते. ती तिसऱ्या माणसाची. त्याला कर्जातला एक पैसा मिळत नाही. व्याज मिळत नाही. तरी तो सही करतो. का? तर आपला माणूस अडला आहे म्हणून. या तिसऱ्या माणसाला जामीनदार म्हणतात.

कर्ज वेळेवर फिटले तर जामीनदाराची कुणाला आठवण राहत नाही. कर्ज थकले की मात्र त्याच्या दारात नोटीस येते.

आज मला त्याची बाजू मांडायची आहे. आणि तुम्हाला एक काम सांगायचे आहे. तुमचा एखादा मित्र असा असेल, की कर्ज त्याने घेतले आणि ओझे त्याच्या जामीनदारावर पडले आहे. तर त्या मित्राकडे जा. त्याला चार शब्द सांगा. ते कसे सांगायचे, तेच आज बघू.

जामीन म्हणजे काय?

आपल्या देशात करारांचा एक कायदा आहे. तो १८७२ सालचा आहे. दीडशे वर्षे होऊन गेली, पण आजही तोच चालतो. त्याच्या १२६ व्या कलमात जामिनकीचा अर्थ दिला आहे. सोप्या बोलीत तो असा : 'याने पैसे दिले नाहीत, तर मी देईन', हे वचन म्हणजे जामिनकी.

पुढे १२८ वे कलम आहे. ते सांगते, की जेवढी जबाबदारी कर्जदाराची, तेवढीच जामीनदाराची. करारात वेगळे काही लिहिले नसेल, तर मुद्दल आले, व्याजही आले.

पुष्कळांना वाटते, आधी कर्जदाराकडून वसुली होईल आणि काही उरले तरच जामीनदाराला विचारतील. तसे नाही. १९६८ साली सुप्रीम कोर्टापुढे बँक ऑफ बिहारचा एक खटला आला होता. बँकेने आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करावेत आणि मगच जामीनदाराकडे जावे, अशी अट खालच्या कोर्टाने घातली होती. सुप्रीम कोर्टाने ती अट काढून टाकली. म्हणजे ज्याने पैसे दिले, तो सरळ जामीनदाराकडेही जाऊ शकतो.

सहकारी संस्थेचे कर्ज असेल, तर १९६० सालचा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा लागतो. त्याच्या १०१ व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो. त्या दाखल्यात कर्जदाराबरोबर जामीनदाराचेही नाव येऊ शकते. मग वसुली अधिकारी येतो. त्यानंतर जप्ती.

आपल्याकडे म्हण आहे, 'चोर सोडून संन्याशाला फाशी.' जामीनदाराची गत कधी कधी तशी होते. मात्र कर्ज थकलेला माणूस चोर असतोच असे नाही. ते पुढे सांगतो.

एका सहीची किंमत

ज्याच्याजवळ गहाण टाकायला काही नाही, त्याला पैसे कोण देणार? हा प्रश्न आपल्या खेड्यांना जुना आहे. इंग्रजी अमलात शेतकरी सावकाराच्या खतांत बुडाला होता. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुपे गावी लोक सावकारांवर उठले. त्यांनी कर्जाची खते हिसकावून जाळली. ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत गेले. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

पण खते जाळून उद्याच्या बियाण्याची सोय होत नाही. त्यासाठी १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. १९०५ साली गदगजवळ कणगिनहाळ या गावी अशी संस्था निघाली. तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता. गावोगावच्या त्या काळच्या पतपेढ्या कशावर उभ्या होत्या? शेतकऱ्याने शेतकऱ्याचा भार घ्यावा, यावर. एकट्या गरिबाला पत नव्हती. दहा गरीब एकमेकांसाठी उभे राहिले, की पत तयार झाली.

आज तुमच्या मित्रासाठी कुणी सही केली, तर तेच घडले. त्याने आपली पत त्याला उसनी दिली. पैसा उसना घेतला तर आपण मोजून परत करतो. पत उसनी घेतली तर ती तशीच्या तशी, डाग न लावता परत करावी लागते.

गिरणीची गोष्ट

आता एक उदाहरण घेऊ. हे मी समजायला सोपे जावे म्हणून रचले आहे. पण असे घर प्रत्येकाच्या पाहण्यात असेल.

समजा, एका गावात दोन शेजारी आहेत. थोरल्याला सगळे अण्णा म्हणतात. त्याची तीन एकर जमीन आणि दोन म्हशी. धाकट्याचा बाप लवकर गेला. अण्णाने त्याला औत धरायला शिकवले. पेरणीला बी दिले. त्याच्या बहिणीच्या लग्नात घरच्यासारखा मांडवात उभा राहिला.

पुढे धाकट्याने पिठाची गिरणी टाकायचे ठरवले. पतसंस्था म्हणाली, 'एक लाख देतो. जामीनदार आणा.' धाकटा अण्णाकडे गेला. अण्णाने हातातला विळा खाली ठेवला, हात धुतले आणि सही केली.

वर्षभर गिरणी चांगली चालली. मग मोटर जळली. दुरुस्तीत पैसे गेले. विजेचे बिल साठले. हप्ते थांबले. ६०,००० रुपये मुद्दल बाकी राहिले. संस्थेची नोटीस आली, ती धाकट्याने कोनाड्यात ठेवली. दुसरी आली, तीही तिथेच.

तशीच नोटीस अण्णाच्या घरी गेली. त्याच वर्षी अण्णाला विहिरीवरची मोटर बदलायची होती. तो कर्ज मागायला गेला. संस्थेचा माणूस म्हणाला, 'अण्णा, तुमची जामिनकी थकली आहे. आधी ती मिटवा.' अण्णा घरी आला. काकू म्हणाली, 'दुसऱ्याच्या कर्जापायी आपलं वावर वाळवायचं का?' अण्णा काही बोलला नाही. पण रात्री म्हशीच्या गोठ्यात बराच वेळ बसून राहिला.

आणि धाकटा? तो पूर्वी रोज सकाळी अण्णाच्या ओट्यावर चहाला यायचा. आता अण्णा समोरून दिसला की दुसऱ्या आळीने जातो.

लोक म्हणतात, 'गरज सरो, वैद्य मरो.' मला तसे वाटत नाही. धाकट्याला लाज वाटते आहे. हातात पैसे नाहीत, म्हणून तो तोंड दाखवत नाही. तोंड दाखवत नाही, म्हणून मार्ग निघत नाही. इकडे दिवस जातात आणि व्याज चढते. तिकडे अण्णाला पैशाइतकेच हे टाळणे लागते. त्याला वाटते, आपण एवढे केले, आणि याला आपल्याशी दोन शब्द बोलावेसे वाटत नाहीत.

अशा वेळी मधल्या मित्राचे काम असते. अण्णा स्वतः मागणार नाही, कारण त्याला ओशाळे वाटते. धाकटा स्वतः जाणार नाही, कारण त्याला लाज वाटते. म्हणून तुम्ही जायचे.

मित्राशी कसे बोलावे?

पारावर बोलू नका. लग्नाच्या पंगतीत बोलू नका. चारचौघांत बोललात तर तो चिडेल आणि विषय तिथेच संपेल. संध्याकाळी त्याच्या घरी जा. घरात वहिनी असेल, तिलाही बसवा. घरातली काटकसर तीच करणार असते. ती कोनाड्यातली नोटीस काढायला सांगा आणि सावकाश वाचून दाखवा. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. त्या शिक्षणाचा यापेक्षा चांगला उपयोग कोणता?

बोलणे साधारण असे होईल.

धाकटा म्हणेल, 'अरे, माझं कसं चाललंय ते मलाच ठाऊक. पैसे असते तर भरले नसते का?'

तुम्ही म्हणा, 'भरले असतेस. ते मला माहीत आहे, म्हणून तर आलो. मी पैसे मागायला आलेलो नाही. तू अण्णाकडे जा, एवढंच सांगायला आलोय.'

'कोणत्या तोंडानं जाऊ?'

'ज्या तोंडानं सही मागायला गेला होतास, त्याच तोंडानं.'

तो थोडा गप्प बसेल. मग म्हणेल, 'अण्णाला काय कमी आहे? तीन एकर जमीन आहे, दोन म्हशी आहेत.'

'म्हशी आहेत, पण येत्या बाजारात एक विकायला नेतोय. गाभण नाही, भाकड नाही. चांगली दुभती आहे. तिच्या दुधावर त्याचं घर चालतं. तुझं खातं मिटवायला ती जाणार.'

इथे तुमच्या मित्राचा चेहरा पडेल. पण माणसाचे मन पळवाट शोधते. तो म्हणेल, 'मग भरू दे की अण्णाला आत्ता. मी त्याला मागाहून देईन. अण्णा काय मला व्याज लावणार आहे?'

तेव्हा रागावू नका. पण हे नीट सांगा : 'म्हणजे संस्था नोटीस काढते, म्हणून तिचं मिटवायचं. आणि अण्णा बोलत नाही, म्हणून त्याला थांबवायचं. जो जास्त भला, त्याला जास्त थांबवायचं. हा कुठला न्याय, गड्या?'

मंडळी, आपल्या अनेक घरांत हेच होते. ज्याची भीती वाटते त्याचे पैसे आधी जातात. ज्याने माया केली त्याचे मागे राहतात. आपण हा क्रम उलटा केला पाहिजे.

कायदाही याच बाजूचा आहे. त्याच १८७२ च्या कायद्याचे १४५ वे कलम सांगते, की जामीन घेतला म्हणजे कर्जदाराने मनोमन एक वचन दिलेच आहे. 'माझ्यापायी तुला जे रीतसर भरावे लागेल, ते मी तुला भरून देईन', हे ते वचन. कागदावर लिहिलेले नसले तरी ते आहेच. आणि १४० वे कलम सांगते, की जामीनदाराने सगळे देणे भागवले, तर पैसे देणाऱ्याचे कर्जदारावरचे हक्क जामीनदाराकडे येतात. तेव्हा अण्णाने भरले म्हणजे धाकट्याचे कर्ज फिटले, असे होत नाही. फक्त येणे मागणारा बदलला. पूर्वी संस्था होती, आता अण्णा आहे.

तुकोबांनी खते बुडवली, त्याचे काय?

एखादा हुशार मित्र म्हणेल, 'अहो, तुकाराम महाराजांनी लोकांची खते इंद्रायणीत बुडवली. अण्णानेही सोडून द्यावे.'

ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती पुरती आठवा. सांगतात, की तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याला दिला. आणि फक्त आपल्या वाट्याची खते बुडवली. भावाच्या हक्काला त्यांनी हात लावला नाही.

त्यात दोन गोष्टी आहेत. एक अशी, की सोडून देणे हे येणे असणाऱ्याच्या मनावर असते. ज्याचे देणे आहे, त्याने परस्पर ते सोडवून घ्यायचे नसते. दुसरी अशी, की जे आपले आहे तेच सोडता येते. अण्णाची म्हैस धाकट्याची नव्हे. ती सोडून द्यायचा हक्क धाकट्याला नाही.

दुसरा कुणी म्हणेल, 'थांब जरा, कर्जमाफी होईल.' २००८ साली, २०१७ साली आणि २०१९ साली कर्जमाफीच्या योजना झाल्या, हे खरे. पण त्या शेतीकर्जासाठी होत्या. गिरणीसाठी, दुकानासाठी किंवा मोटारसायकलसाठी पतसंस्थेतून काढलेले कर्ज त्यांत येत नव्हते. माफीच्या आशेवर अण्णाला ताटकळत ठेवू नका. आपले कर्ज कशात बसते, ते संस्थेत जाऊन विचारा आणि कागद पाहा.

हिशेब मांडा

'भरायचं, पण भरू कुठून?' हा प्रश्न खरा आहे. त्याला उपदेशाने उत्तर मिळत नाही, हिशेबाने मिळते. पाटी घ्या आणि मांडा.

मुद्दल बाकी ६०,००० रुपये. व्याज समजा वर्षाला शेकडा १२. म्हणजे महिन्याला शेकडा १.

६०,००० रुपयांचे एका महिन्याचे व्याज ६०० रुपये.

म्हणजे दर दिवसाला २० रुपये.

धाकटा तोंड लपवून बसला, तर रोज २० रुपये ओझे वाढते. झोपला तरी वाढते, देवदर्शनाला गेला तरी वाढते. वर्षाचे ७,२०० रुपये झाले. संस्था दंडव्याज लावत असेल तर ते वेगळे.

आता दुसरी बाजू. गिरणी अजून चालू आहे. रोज रात्री गिरणी बंद करताना १०० रुपये एका डब्यात टाकायचे. हे पैसे घरखर्चाला काढायचे नाहीत. महिन्याचे ३,००० रुपये होतात. ते संस्थेत भरायचे.

पहिल्या महिन्यात ६०० रुपये व्याजात जातील. २,४०० रुपये मुद्दलात जातील. बाकी ५७,६०० रुपये.

दुसऱ्या महिन्यात व्याज ५७६ रुपये. मुद्दलात २,४२४ रुपये. बाकी ५५,१७६ रुपये.

असे चालू ठेवले, तर तेविसाव्या हप्त्याला खाते मिटते. तो शेवटचा हप्ताही लहान असतो. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत अण्णा मोकळा होतो. या सगळ्या काळात व्याज सुमारे ७,३०० रुपये जाते. काही न भरता दोन वर्षे बसले, तर १४,४०० रुपये व्याज चढते, आणि मुद्दल ६०,००० रुपये तसेच उभे राहते.

'थेंबे थेंबे तळे साचे' हे आपण म्हणतो. कर्जातही तसेच आहे. थेंबाथेंबाने कर्ज साचते आणि थेंबाथेंबानेच ते उपसता येते.

पाच कामे

हिशेब पटला, की मित्राकडून ही पाच कामे करवून घ्या.

पहिले काम. अण्णाकडे जाणे. संस्थेत जायच्या आधी इथे जायचे. रिकाम्या हाताने गेले तरी चालेल. 'अण्णा, चुकलं. माझ्यापायी तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं. मी असं असं फेडायचं ठरवलंय,' एवढे सांगायचे. अण्णा रागावला, तर ऐकून घ्यायचे. तेवढा हक्क त्याचा आहे.

दुसरे काम. संस्थेतून खात्याचा उतारा घेणे. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, हे वेगवेगळे लिहून घ्यायचे. आकडा कळत नाही तोवर भीती मोठी असते. आकडा कळला, की काम सुरू करता येते.

तिसरे काम. अण्णाला बरोबर घेऊन संस्थेच्या व्यवस्थापकाला भेटणे. नव्या हप्त्यांसाठी अर्ज द्यायचा. एकरकमी परतफेडीची सवलतीची योजना असली, तर तीही विचारायची. संस्था ऐकेलच, असे मी सांगत नाही. पण कर्जदार आपल्या पायाने आला, हातात पहिला हप्ता घेऊन आला, तर बोलणे होते. न भेटणाऱ्याशी फक्त नोटीस बोलते.

चौथे काम. दर हप्त्याची पावती घेणे. पावतीवर नाव, खाते नंबर, तारीख, आकड्यांत रक्कम आणि अक्षरांत रक्कम वाचून घ्यायची. आणि पावती घरी न्यायच्या आधी अण्णाला दाखवायची. हे पाच मिनिटांचे काम आहे. पण त्या पाच मिनिटांत अण्णाची महिन्याची काळजी उतरते.

पाचवे काम. शेवटचा हप्ता भरल्यावर येणेबाकी नसल्याचा दाखला घेणे. त्याची एक प्रत अण्णाला द्यायची. अण्णाच्या जमिनीच्या सातबारावर या कर्जापायी बोजा चढला असेल, तर तो उतरवून घ्यायचा. त्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे पडले, तर ते धाकट्याने मारायचे. अण्णाने नव्हे.

इथे एक इशारा देतो. अण्णाचे फेडायचे म्हणून दुसरा फास गळ्यात घालू नका. परवाना नसलेल्या सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे काढून हप्ता भरू नका. २०१४ सालच्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. आणि नव्या कर्जाला पुन्हा नवा जामीनदार शोधू नका. नाहीतर एका अण्णाचे ओझे काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवल्यासारखे होईल.

म्हैस विकावीच लागली तर?

कधी कधी उशीर झालेला असतो. अण्णाने म्हैस विकली, संस्थेचे खाते मिटवले. मग तुमच्या मित्राला वाटेल, 'आता घाई कसली?'

तेव्हा तर त्याला जास्त घाई हवी. त्याने त्याच संध्याकाळी एक कागद करावा. अण्णाने किती भरले, कोणत्या तारखेला भरले, ते लिहावे. 'ही रक्कम मी दर महिन्याला इतकी याप्रमाणे परत करीन,' असे लिहून खाली सही करावी आणि कागद अण्णाच्या हाती द्यावा. अण्णा म्हणेल, 'कागद कशाला? तू काय परका आहेस का?' तरी द्यावा. अण्णाने न मागता सही दिली होती ना? मग धाकट्यानेही न मागता द्यावी.

आणि जोवर पैसे पुरे होत नाहीत, तोवर अण्णाच्या घरी सकाळचे एक शेर दूध पोचते करता आले, पेरणीला दोन दिवस राबता आले, तर तेही करावे. ते हप्त्यात धरायचे नाही.

तुम्ही जामीन राहणार असाल तर

हे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, 'मग कुणासाठी सही करायचीच नाही.' तसा अर्थ घेऊ नका. सही करायला कुणीच राहिले नाही, तर गरिबाला गिरणी कोण टाकू देणार? पण सही करायच्या आधी कागद वाचा. रक्कम वाचा. व्याजाचा दर वाचा. हप्ता किती आणि मुदत किती, ते वाचा. कोऱ्या कागदावर सही करू नका, अंगठाही देऊ नका. कागदाची एक प्रत मागून घ्या.

दुसरा जामीनदार आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कायद्याचे १४६ वे कलम सांगते, की जामीनदारांनी आपापसांत बोजा सारखा वाटून घ्यायचा, करार वेगळा नसेल तर. पण वसुली करणारा एकाकडूनच सगळे मागू शकतो. मग आपला वाटा दुसऱ्याकडून मिळवायला तुम्हालाच हिंडावे लागते.

आणि मनाशी एक प्रश्न विचारा : 'हे सगळे मला भरावे लागले, तर माझे घर उभे राहील का?' उत्तर 'नाही' असेल, तर मित्राला गोड शब्दांत नाही म्हणा. आज नाही म्हटल्याने मैत्री थोडी दुखावते. उद्या जप्ती आली तर ती मोडते.

शेवटचे

मंडळी, एका गावात एका अण्णाची म्हैस गेली, तर तेवढ्यावर ते थांबत नाही. घराघरांत बोलणे होते. 'बघ, अण्णाने सही केली, त्याचे काय झाले?' मग पुढच्या वर्षी एखादी विधवा बाई शिलाई मशीनसाठी जामीनदार शोधत येते, आणि दहा दारांतून परत जाते. तिने काहीच केलेले नसते. धाकट्याचे थकलेले कर्ज तीही फेडत असते.

उलट, धाकट्याने तेवीस हप्ते भरले आणि दाखला अण्णाच्या हातात ठेवला, तर तेही घराघरांत बोलले जाते. त्या बाईला मग पहिल्याच दारात सही मिळते.

म्हणून सांगतो. तुमचा असा कुणी मित्र असेल, तर येता बाजार उजाडायच्या आत त्याच्याकडे जा. त्याला नोटीस वाचून दाखवा. पाटीवर हिशेब मांडून द्या. तो उठायला कचरला, तर म्हणा, 'चल, मी येतो बरोबर.' अण्णाच्या ओट्यापर्यंत त्याला सोबत करा. तिथून पुढचे त्याला बोलू द्या.

उद्याच्या वर्गाला येताना घरात असतील ती पावती, नोटीस किंवा खाते पुस्तक घेऊन या. आपण मिळून वाचू.